सामानाचा ताळेबंद

माणसाचा खरा स्वभाव ओळखायचा तर त्याच्याबरोबर प्रवास करावा, असं म्हणतात. माझं म्हणणं, प्रवासापर्यंत थांबायचं कारण नाही. आदल्या आठवड्यात त्याला बॅग भरताना पाहावं.

कोकणात जायचं असतं तेव्हा आमच्या घरी शांतता असते. जाताना दोन पंचे, येताना आंबे. हिशेब सोपा. पण यंदा एल.एफ.सी. घेऊन हिमाचलला जायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. आम्हा बँकवाल्यांची सहल ही हौस नसून हक्क असतो, आणि तो लॅप्स होऊ नये म्हणून आम्ही हिमालयसुद्धा चढतो.

बेत मेच्या पहिल्या आठवड्याचा होता. मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून कालका, तिथून छोट्या गाडीनं सिमला, मग मनाली आणि शेवटी अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलात, कोकसरला बर्फ. कागदावर ही एक ओळ. पण त्या ओळीत चार ऋतू होते. दिल्लीत ४१ अंश. कालका साडेसहाशे मीटरवर, म्हणजे तिथंही घामच. ती छोटी गाडी शंभरावर बोगदे पार करत ९६ किलोमीटरांत सुमारे चौदाशे मीटर चढते आणि सिमला येईपर्यंत माणूस पंखा हा शब्द विसरतो. आणि २०२० साली सुरू झालेला तो नऊ किलोमीटरचा बोगदा तर जादूचाच. अलीकडे देवदाराचं हिरवं रान आणि पलीकडे उघडेबोडके तपकिरी डोंगर! पीर पंजालची रांग पावसाळी ढग अडवते म्हणून असं होतं. यात आपण नवल वाटून घ्यायचं कारण नाही. आपल्या एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला छत्री पुरत नाही आणि माणमध्ये हंडा भरत नाही.

सौभाग्यवतीनं यादी केली. सेहेचाळीस नोंदी. स्वेटर, कानटोप्या, मोजे, छत्र्या, थर्मास, चिवडा, लाडू, मेतकूट आणि ‘असू दे’. हे ‘असू दे’ म्हणजे ज्या वस्तूंचं कारण विचारलं तर भांडण होतं त्या वस्तू. आमच्याकडे बँकेत त्याला सस्पेन्स खातं म्हणतात.

मी बी.कॉम. आहे. मी लाल पेन घेतलं.

“हे बघ,” मी म्हटलं, “दर हजार मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. थंडीचं व्याजच म्हण. दिल्ली ते कोकसर चढ धर दोन हजार नऊशे मीटर. गुणिले साडेसहा, म्हणजे एकोणीस. एक्केचाळीस वजा एकोणीस, बावीस! बावीस अंश म्हणजे पुण्यातली सुखाची सकाळ. अर्ध्या बाह्यांचा एकेक स्वेटर पुरे.”

“आणि वारा?”

“वाऱ्याचा दर पुस्तकात दिलेला नाही.”

“मग तो पुस्तकवाला तिकडे गेलेला नाही,” ती म्हणाली आणि सत्तेचाळिसावी नोंद केली: मफलर, नग पाच.

इथं मी थबकलो. आम्ही चौघं. मी, ही, कन्या आणि चिरंजीव. मफलर पाच कसे?

“हिशेबात एक आकडा जास्त आहे,” मी म्हटलं.

“मफलरांत नाही,” ती खाली मान घालून म्हणाली, “माणसांत एक कमी आहे.”

आई बाहेरच्या खोलीत बसून माझ्याच शर्टांच्या घड्या घालत होती. वय बहात्तर. महाराष्ट्राची सीमा तिनं ओलांडली ती फक्त नकाशात, माझा भूगोलाचा अभ्यास घेताना. सहलीचं ठरलं तेव्हा “आईला थंडी झेपायची नाही” असं मीच जाहीर केलं होतं. तीही लगेच “छे रे, मला कुठं नेता! मी कुंड्यांना पाणी घालीन” म्हणाली होती. ठराव एकमतानं मंजूर.

त्या रात्री मला झोप लागेना. काउंटरवर दहा रुपयांचा फरक राहिला की मला जेवण जात नाही. इथं तर अख्खी आई राहिली होती. डॉक्टरांना मी विचारलं नव्हतं. अवलंबून असलेल्या आईवडिलांचं भाडंही या सवलतीत मिळतं, तेव्हा पैशाचीही सबब नव्हती. खरं सांगायचं तर मला भीती थंडीची नव्हतीच. स्टेशनवर तिला जिन्यावरून कोण नेणार, तिची पथ्यं कोण बघणार, ती दमली तर आमचं बघायचं राहणार, याची होती. मी माझ्या आईला सामानात धरलं होतं, आणि वजन जास्त भरतं म्हणून यादीतून काटलं होतं.

सकाळी चहा देताना मी विचारलं, “आई, येतेस का ग?”

ती एकदम हो म्हणाली नाही. थोडं थांबून म्हणाली, “मला काही बर्फाचं अप्रूप नाही रे. तुझ्या बाबांना होतं. दर वर्षी म्हणायचे, पुढच्या मेमध्ये जाऊ. आता कुणीतरी बघून यायला हवा ना?”

डॉक्टरांनी तपासलं. मनालीत दोन रात्री काढून मगच वर जा, दमलं की थांबा, दम लागला की खाली या, एवढंच म्हणाले. पाचवं तिकीट काढलं.

आणि मग आईनं आपली गोधडी आणून बॅगेवर ठेवली. वजन अडीच किलो! माझं लाल पेन खिशात वळवळलं.

“आई, तिकडे हॉटेलात रजया असतात.”

“असू देत,” आई म्हणाली. सासू आणि सून या एका शब्दावर एकमत होतात, हे मला लग्नानंतर वीस वर्षांनी कळलं.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती मला फारशी शोभणारी नाही. दिल्लीत लोकरी कपड्यांच्या बॅगा उचलून मी घामानं निथळलो. मनालीच्या पुढे रस्त्याच्या कडेला कोट आणि गमबूट भाड्यानं देणारी दुकानंच दुकानं दिसली, तेव्हा त्या बॅगांकडे पाहवेना. बोगद्यातून पलीकडे निघालो. कोकसरला गाडीतून उतरलो मात्र, माझ्या बावीस अंशांना वाऱ्यानं एका फुंकरीत शून्यावर आणलं. अर्ध्या बाह्यांतून तो थेट हिशेब तपासायला आत शिरला. भाड्याचा कोट मी बाणेदारपणे नाकारला होता.

आई मात्र मजेत होती. तिनं एकही जाड कपडा घातला नव्हता. आत सुती, त्यावर लोकरीचं पोलकं, त्यावर पातळ स्वेटर, वर शाल. “एक जाड घालण्यापेक्षा चार पातळ घालावेत. गोधडीत दुसरं काय असतं?” ती म्हणाली. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते, हे मी शाळेत शास्त्रात लिहून पाच मार्क मिळवले होते. तिनं ते सुईदोऱ्यानं लिहिलं होतं.

तिनं वाकून मूठभर बर्फ उचलला.

“इश्श! आपल्या फ्रीजमध्ये साठतो तसाच तर आहे. यांना उगीच वाटायचं, काहीतरी मोठं असेल.”

असं म्हणाली खरी, पण पाणी होऊन बोटांतून गळून जाईपर्यंत तिनं तो खाली टाकला नाही. आम्हीही कुणी घाई केली नाही. मग तिनं हात पदराला पुसला, गाडीतून गोधडी काढली आणि माझ्या अंगावर टाकली. आजूबाजूचे लोक फोटो काढत होते. काढू देत.

घरी आल्यावर बॅगा सोडल्या आणि यादीशी ताळा केला. चिरंजीवांचा एक मोजा कमी भरला. बाकी सगळं बरोबर जमलं.