धार कोण काढतं?

लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्येबहिणीनं डोळे मिचकावत विचारलं होतं, "डॉक्टर आहे म्हणे! माणसांचा की गुरांचा?" "गुरांचा," असं सांगताना माझा आवाज उगाचच खाली आला होता. मुलगा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला. ते महाविद्यालय 1886 सालापासून आहे, हे तेव्हा ठाऊक असतं तर निदान तेवढं तरी ताठ मानेनं सांगितलं असतं!

आज बारा वर्षं झाली. यांचा दवाखाना तालुक्याच्या गावी, आमच्याच घराच्या पुढच्या अंगाला. अंगणात लोखंडी खोडा, ओट्यावर सलाईनची खोकी. मी अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून येते, तर दारात कधी बैलजोडी, कधी शेळ्या, आणि हल्ली टोपलीतून आलेलं एखादं कुत्र्याचं पिल्लू. सुरुवातीला शेणामुतानं जीव नकोसा व्हायचा. मग सवय झाली. पण या कामातलं मर्म मला कळलं ते एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

सकाळीच एक टेम्पो येऊन थांबला. आत दहा दिवसांची व्यालेली संकरित गाय. पाय लटपटत होते, डोळे खोल गेलेले, कान गार. मालक भडाभडा सांगत होता, "सकाळधरनं वैरणीला तोंड लावंना, साहेब. काय बी येगळं खाल्लेलं नाय. वैरण आन् पेंड, बास!" नुकती व्यालेली दुभती गाय अशी गळाली, तर अंगातलं कॅल्शियम कमी होऊन दुग्धज्वर झाल्याचा संशय आधी येतो. यांनी पोट चाचपलं, छाती ऐकली, पुन्हा पुन्हा विचारलं. मालकाचं उत्तर एकच. शेवटी यांनी कॅल्शियमची बाटली हातात घेतली.

इतक्यात मागच्या दारी कुणीतरी पाणी मागितलं. पाहते तर त्या शेतकऱ्याची बायको. तिची मुलगी माझ्याच वर्गात. तांब्या हातात तसाच धरून ती हळूच म्हणाली, "बाई, एक सांगू का? काल पाव्हणं आलंच न्हाईत. पुरण उरलं, पोळ्यांची ही चळत. टाकायचं जिवावर आलं. रातच्याला गाईला घातलं. पाटीभर तरी असंल. मालकांना ठावं न्हाई. दुधाचा पगार हिच्यावरच येतो, बाई. कळलं तर माझं काय खरं न्हाई." डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं तिच्या.

मी दारातूनच हाक मारली, "अहो, जरा आत येता?"

दोन वाक्यांत सांगितलं. हे बाहेर गेले, कॅल्शियमची बाटली खाली ठेवली आणि वेगळेच उपचार सुरू केले. खायच्या सोड्याचं पाणी नळीनं पोटात, शिरेतून सलाईन. मालकाला एवढंच म्हणाले, "पोटात गोडधोड गेलंय. सणासुदीला जातं असं." कुणी घातलं, हे विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही. तिसऱ्या दिवशी गाय रवंथ करायला लागली.

त्या रात्री मी यांना म्हटलं, "पुरणपोळीनं गाय मरते होय?" तेव्हा यांनी समजावलं. गाईच्या पोटाचे चार कप्पे. त्यातलं सगळ्यात मोठं ते कोठीपोट. तिथल्या सूक्ष्म जिवांना सवय चाऱ्याची. एकदम पोळ्या, भात, गूळ, पीठ गेलं की ते आंबतं, आम्ल वाढतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. उपचाराला उशीर झाला तर जनावर हातचं जातं.

मी गप्पच झाले. कारण मी स्वतः काय करत होते? उरलेला भात पिशवीत बांधून कोपऱ्यावरच्या गाईपुढे ठेवायचा आणि पुण्य केलं म्हणून समाधानानं घरात यायचं! त्या पिशवीची गाठ गाय कशी सोडणार? ती पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पचत नाही, बाहेर पडत नाही, पोटात गोळा होऊन बसतं. तार, खिळा, सुई गिळली तर ती आतून टोचत थेट हृदयापर्यंत जाऊ शकते. तेव्हा मैत्रिणींनो, गोग्रास घालायचाच तर घासभरच घाला, उघडा घाला. आणि सुई, पिन, ब्लेड ओल्या कचऱ्यात कधीही टाकू नका. जनावर आजारी दिसलं तर जीभ ओढून, मान वर करून घरचं औषध पाजू नका, ते फुफ्फुसात उतरतं. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे, तो लक्षात ठेवा.

त्या दिवसापासून यांचा पहिला प्रश्न बदलला. गाय आली की विचारतात, "धार कोण काढतं?" मग मागं पदर सावरून उभी असलेली बाई पुढे येते. कालपासून दूध किती उतरलं, शेण पातळ आहे का, कुठलं थान गरम लागतं, रवंथ कधी थांबली, सगळं तिला ठाऊक असतं. तिला आजवर कुणी विचारलेलं नसतं, एवढंच! मुक्या जिवाच्या वतीनं बोलणारी तीच, आणि तिलाच घरात मुकं राहायची सवय.

गेल्या महिन्यात त्याच आत्येबहिणीचा पुण्याहून फोन आला. त्यांचं कुत्रं दोन दिवस उलट्या करत होतं. तिचे यजमान पलीकडून ठासून सांगत होते, "त्याला बाहेरचं काही देत नाही आम्ही." यांनी शांतपणे विचारलं, "त्याला खायला कोण घालतं?"

"मीच," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नाही, दुपारी सासूबाई घालतात. थांबा हं, त्यांना विचारते."

सासूबाईंनी प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे वेचून वेचून त्याला भरवले होते, मायेनं! बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, हे त्या माउलीला कुठून माहीत असणार? यांनी लगेच तिथल्या डॉक्टरांकडे धाडलं. कुत्रं वाचलं.

रात्री बहिणीचा पुन्हा फोन आला. म्हणाली, "तुझ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांग."

"माणसांच्या की गुरांच्या?" मी विचारलं. आणि या वेळी माझा आवाज मुळीच खाली आला नाही.