पंचांगातल्या रिकाम्या जागा

अमेरिकेच्या रोजच्या बोलण्यात रुळलेल्या कितीतरी म्हणी फिलाडेल्फियातल्या एका छापखान्यातून घरोघर गेल्या. छापखाना बेंजामिन फ्रँकलिन यांचा. १७३२ च्या डिसेंबरात त्यांनी पुढच्या वर्षाचे पंचांग काढले आणि कर्ता म्हणून रिचर्ड सॉन्डर्स हे कल्पित नाव घातले. ‘पुअर रिचर्ड’चे पंचांग ते हेच. वसाहतींतल्या साध्या माणसाच्या घरी पुस्तके क्वचितच येत. पंचांग मात्र लागेच. सूर्योदय, चंद्राच्या कला, हवामानाचे अंदाज त्यात असत. तारखांच्या आसपास उरलेल्या बोटभर जागेत फ्रँकलिन म्हणी बसवत, बहुतेक उद्योग आणि काटकसर यांविषयीच्या. वर्षाला सुमारे दहा हजार प्रती खपत.

यातल्या बऱ्याच म्हणी उसन्या होत्या. मराठीत ‘लवकर निजे, लवकर उठे’ या रूपात ओळखीचे झालेले वचन जॉन क्लार्क यांच्या १६३९ च्या इंग्रजी संग्रहातही सापडते. फ्रँकलिन यांचे कसब दिसते ते धार लावण्यात. दोघे तिथे नसतील तर तिघांत गुपित टिकते, अशी एक म्हण सोळाव्या शतकापासून चालत आलेली होती. १७३५ च्या पंचांगात त्यांनी त्या दोघांना मारूनच टाकले. एवढ्याशा फेरफाराने वाक्य कायमचे जिभेवर बसले. पाहुणा आणि मासा तीन दिवसांत शिळा होतो, हेही जुनेच. पुढच्या वर्षी फ्रँकलिन यांनी ‘शिळा’ काढून सरळ दुर्गंधी घातली. म्हणी आपोआप घडतात असे मानणाऱ्यांनी हे दोन बदल जवळून पाहावेत.

१७५८ च्या पंचांगात त्यांनी विखुरलेली वचने गोळा करून फादर अब्राहम या म्हाताऱ्याच्या तोंडी घातली. लिलावाला जमलेल्या लोकांपुढचे हे भाषण. यातले दहाव्या हिश्शाइतकेही शहाणपण आपले नाही, बाकी युगायुगांचे आणि देशोदेशींचे वेचलेले आहे, असे रिचर्डने तिथेच मान्य केले. भाषणाची भाषांतरे झाली. फ्रान्समध्ये रिचर्ड इतका लाडका झाला, की अमेरिकी आरमारातले अधिकारी जॉन पॉल जोन्स यांनी आपल्या लढाऊ जहाजाला ‘बोनोम रिशार’ हे त्याचे फ्रेंच नाव दिले.

टापटीप आपल्याला कधीच नीट साधली नाही, असे फ्रँकलिन आत्मचरित्रात लिहितात. पै-पै साठवण्यावरची त्यांची श्रद्धा मात्र शेवटपर्यंत ढळली नाही. १७९० मध्ये ते वारले. मृत्युपत्रात बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना त्यांनी प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते: तरुण कारागिरांना ते व्याजाने द्यावेत, शंभर वर्षांनी काही रक्कम लोकोपयोगी कामांवर खर्चावी, उरलेली आणखी शंभर वर्षे वाढू द्यावी. १९९० च्या सुमारास फिलाडेल्फियाकडे वीस लाख डॉलरच्या आसपास जमले होते, बॉस्टनकडे त्याच्या दुपटीहून अधिक.