टोपली कारवीची बिनफुलांची वर्षं

टोपली कारवी साधारण सात वर्षांनी बहरते, हे कासच्या पठारावर येणारा हौशी पर्यटकही सांगतो. पण त्याचा पुरावा हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटात शोधू गेलं, तर हाती लागतात बहुतेक फुललेलीच वर्षं. फूल नसेल तर नमुना घ्यायचा नाही, ही आपल्या नमुने गोळा करणाऱ्यांच्या कामाची शिस्त. त्यामुळे मधल्या वर्षांत झुडपं सड्यावर दाटीनं उभी असूनही नोंदींत नसतात. एखाद्या आडवर्षी चार झुडपं चुकार फुलली, तर नमुन्याची शीट नेमकी त्यांचीच होते आणि भोवतीची न फुललेली सगळी निसटतात. पुढे ती शीट पाहणाऱ्यानं बहर कुठला आणि अपवाद कुठला, हे ठरवायचं कसं? चक्र सिद्ध करायचं, तर फूल नसल्याचीही नोंद हवी. म्हणून नुसत्या पानांच्या फांदीचीही शीट करावी, असं माझं ठाम मत आहे.

फुलाविना जात ओळखता येत नाही, हा आक्षेप कारवीच्या गोतावळ्यात खराच आहे. पण त्याच जागचा फुललेला नमुना आधीच कपाटात असेल, तर बिनदेठाच्या लवदार पानांची ही फांदी त्याच्याशी ताडून पाहता येते. खरी अडचण आपल्या हौसेची आहे. दाबताना पाकळ्या गळतात, जांभळा-निळा रंग तपकिरी पडतो. तरीही फूल जागच्या जागी राखलेली शीट मिरवायला मलाही फार आवडतं. तिच्यापुढे नुसती पानं दरिद्री दिसतात.

आता फोटो असताना हा खटाटोप कशाला, असं तरुण सहकारी विचारतात. फुलाचा जिवंत रंग आणि झुडपाचा टोपलीसारखा घेर फोटोच राखतो, हे मान्य. पण फोटोतलं पान भिंगाखाली उलटून बघता येत नाही की त्यातून डीएनए काढता येत नाही. उलट, शीटही लेबलावाचून मुकी असते. स्टॉक्स आणि लॉ या संग्राहकांच्या एकोणिसाव्या शतकातल्या शीटांवर ‘मलबार, कोकण इत्यादी’ एवढंच छापलेलं आढळतं. एवढ्या मुलखात एक सडा शोधायचा कुठे? आता नवी शीट करताना फार तोडायचीही गरज नाही: २०१२ पासून कास जागतिक वारशात आहे, तिथे परवानगीनं एका झुडपाची एक फांदी पुरे. लेबलावर मात्र नेमकी जागा, तारीख, झुडपाची उंची, आसपास किती झुडपं, त्यांतली किती कळीवर, किती फुलावर हे लिहावं. आणि एकही नसेल, तर तिथे शून्य लिहावं, रकाना कोरा सोडू नये.