प्रवेश मिळाला, पुढे?

श्रीरामपूरच्या बोरावके महाविद्यालयातून बीएस्सी करून एमएस्सी प्रवेशाची ‘जॅम’ परीक्षा देता येते. खरी कसोटी पुढे! वर्गात पहिला येणारा संशोधनात महिनोन्महिने फसलेल्या प्रयोगांशी झटतो आणि उत्तरपत्रिका तपासायला कुणीच नसतं. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० रुपये मिळतात, पण मार्गदर्शक कसा निवडावा हे सहसा कुणी सांगत नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला भागवत, म्हणजे पुढच्या सोहोनी, यांच्यापुढे तर दारच बंद होतं. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. (नोबेल मिळालं तरी पूर्वग्रह सुटत नाहीत.) त्या अडून बसल्या, वर्षभराच्या अटीवर शिरल्या. मार्गदर्शक श्रीनिवासय्यांच्या कडक शिस्तीत दूध, डाळींतल्या प्रथिनांवर राबल्या.

त्यानंतर १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा.