तसबिरीचा डावा कोपरा

मशीद बंदरातील सुपारीच्या पेढीची स्मरणिका छापखान्यात जाण्यास आठच दिवस उरले होते. मुखपृष्ठावर काय असावे, याविषयी घरात दुमत नव्हते. गादीच्या वर कित्येक वर्षे टांगलेली ती जुनी तसबीर: अपोलो बंदरासमोरचा शांत समुद्र, पांढरी शिडे ताणून एका अंगावर कललेल्या डौलदार यॉट नौका आणि मागे ताजमहाल हॉटेलचा घुमट. खालची ओळही ठरलेली होती: ‘पेढीच्या संस्थापकांच्या यॉट नौका, मुंबई बंदर, 1930.’

ही हकीकत घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नानांकडून आलेली. आजोबांच्या नौका होत्या, साहेबांच्या बरोबरीने त्या धावत, असे ते चाळीस वर्षे सांगत आले होते. घरात आलेल्या प्रत्येक सुनेने आणि पेढीवर चहाला थांबलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याने ते ऐकले होते.

स्मरणिकेचे काम पाहणाऱ्या नातीने तसबीर संगणकावर मोठी करून पाहिली आणि सहज विचारले, “नाना, यात गेटवे का दिसत नाही?”

नाना चष्मा पुसून बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. प्रश्न साधा होता, परंतु त्याला उत्तर नव्हते. पंचम जॉर्ज बादशहा 1911 च्या डिसेंबरात याच बंदरावर उतरले. त्या आगमनाच्या स्मरणार्थ उभारावयाच्या कमानीची कोनशिला 31 मार्च 1913 रोजी बसली आणि 4 डिसेंबर 1924 रोजी गेटवे खुले झाले. ताजमहाल हॉटेल मात्र 1903 च्या डिसेंबरातच सुरू झाले होते. ज्या चित्रात ताज आहे आणि त्याच्या समोरचा काठ मोकळा आहे, ते 1930 चे असणे शक्यच नव्हते.

दुसरी गोष्ट नानांना त्याहून अधिक बोचली. त्या पांढऱ्या शिडांच्या नौका म्हटल्या की 1846 साली स्थापन झालेला यॉट क्लब आला. त्या काळी तेथे हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. हिंदी व युरोपीय दोघांनाही प्रवेश असलेला विलिंग्डन क्लब निघाला तोच मुळी पुष्कळ नंतर. श्रीवर्धनहून आलेल्या विशीतल्या सुपारीवाल्याची नौका त्या शर्यतीत कोठून असणार?

तसबीर खाली उतरविण्यात आली. मागची फळी काढताच कळले की, तो फोटो नसून टपालाचे चित्रकार्ड होते. त्यावर सातव्या एडवर्डचे तिकीट आणि 1909 चा शिक्का. बारीक गुजराती अक्षरांत आजोबांनी थोरल्या भावाला लिहिले होते: मचवा सुखरूप लागला. चाळीस गोणी रोठा उतरला, एकही भिजली नाही. चित्रात डावीकडे आहे तसाच आपला मचवा होता. बाला सांगावे, काळजी करू नये.

नानांनी कार्ड उलटे केले. डाव्या कोपऱ्यात, कोणाच्याही लक्षात न येणारा एक मालवाहू मचवा होता. पुढे झुकलेली डोलकाठी, मळकट शीड, काठोकाठ भरलेला माल आणि सुकाणूपाशी बसलेला तांडेल. पावसाळ्यात असे मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवीत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटीत. कोकणातील सुपारी, नारळ, तांदूळ त्यांतूनच मुंबईस येई. वारा पडला की दिवस वाढत, वारा फिरला की माल आणि माणसे दोन्ही धोक्यात. बाची काळजी उगाच नव्हती.

तेव्हा नानांना आठवले. वडील तसबीर दाखवीत तेव्हा त्यांचे बोट नेहमी डावीकडेच असे. “यातून आजोबा आले,” एवढेच ते म्हणत. लहान मुलाचे डोळे मात्र पांढऱ्या शिडांवर खिळलेले. पुढची सारी हकीकत त्या डोळ्यांनी रचली होती.

पुतण्या म्हणाला, “नाना, राहू द्या ना. आता कोण तपासायला येणार आहे? पाहुण्यांना सगळ्यांना हेच माहीत आहे.”

“चोपड्यात चुकीची रक्कम सापडली, तर कोणी तपासायला येईपर्यंत आपण थांबतो का?” नाना म्हणाले. “आणि ही रक्कम तर माझ्याच हातची आहे.”

स्मरणिका चार दिवस उशिरा निघाली. मुखपृष्ठावर चित्र तेच होते. फरक एवढाच की, डावा कोपरा आता मोठा करून छापला होता. खाली नानांच्या अक्षरातील ओळ होती: ‘अशाच एका मचव्यातून 1909 साली आमची चाळीस गोणी सुपारी मुंबईस आली. यॉट नौका आमच्या नव्हत्या. मचवाही भाड्याचा असावा. आजवर मी जे सांगत आलो, ते चूक होते. क्षमस्व.’

प्रकाशनाच्या दिवशी भात बाजारातील एक वृद्ध व्यापारी ते पान उघडून बराच वेळ उभे होते. मग ते नानांजवळ येऊन म्हणाले, “आमचेही वाडवडील मचव्यानेच आले होते. आम्ही मात्र कोणाला सांगत नाही.”