भरतीचे मैदान आणि पायातला बूट

धुळ्याच्या आमच्या वस्तीतून पहाटे पाच वाजता दहा-बारा पोरे-पोरी पोलीस भरतीच्या सरावाला निघतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. राज्य राखीव पोलीस बलाची तयारी करणाऱ्यांना ५ किलोमीटर. त्या बलाचा गट क्रमांक ६ धुळ्यातच आहे, त्यामुळे ते स्वप्न इथल्या पोरांना रोज दिसते. शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० गुण या एका धावेचे.

गेल्या उन्हाळ्यात यातली एक मुलगी मैदानाच्या कडेला पाय धरून बसलेली दिसली. "दादा, नडगी भलती दुखी ऱ्हायनी." आम्ही तिच्या पायांकडे पाहिले. कॉलेजला घालायच्या सपाट तळाच्या बेल्या, आत मोजे नाहीत. अंगात सुती पंजाबी ड्रेस, घामाने चिंब, ओढणी कमरेला आवळलेली. आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने तिला धीर दिला तो असा : "आपले बापजादे अनवाणी चालले. रडू नको, पळ."

या वाक्याशी आमचे भांडण आहे. बापजादे अनवाणी चालले ते हौसेने नव्हे. कितीतरी गावांत वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. मेलेले ढोर ओढायचे आपण, कातडे कमवायचे आपल्यातल्यांनी, आणि पाय मात्र उघडे. जे आपल्यावर लादले होते त्यालाच आज आपण पराक्रम म्हणायचे? कुणी लगेच अबेबे बिकिलाचे नाव काढतो. १९६० साली रोमला तो अनवाणी मॅरेथॉन जिंकला, खरे आहे. पण मिळालेले बूट पायाला बसेनात म्हणून तो अनवाणी धावला, आणि १९६४ साली टोकियोला बूट घालून पुन्हा जिंकला. हे दुसरे वर्ष कुणी सांगत नाही.

विहारात वीणेच्या तारेची उपमा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तार फार ताणू नये, फार सैल सोडू नये. ती उपमा तथागतांनी ज्याला दिली तो सोण कोळिविस. चंक्रमण करता करता त्याचे तळवे फाटले, वाट रक्ताने भरली. विनयपिटकाच्या महावग्गात ही कथा आहे. उपमेनंतर काय झाले ते प्रवचनात सहसा गळते. तथागतांनी सोणाला एकेरी तळाच्या वहाणा वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळत असतील तर घालीन. मग ती परवानगी सगळ्या संघाला मिळाली. रक्ताळलेल्या पायांचे कौतुक तथागतांनी केले नाही. मग आपण का करतो?

आता दुसरी बाजू, आणि इथे आम्ही स्वतःच गुन्हेगार आहोत. एकविशीत आम्ही जळगावला भरतीची तयारी करत होतो. आईने कापूस वेचणीच्या पैशांतून बुटासाठी पैसे दिले. दुकानात मोठ्या कंपनीच्या नावाची नक्कल मिळाली, चकचकीत, बाजूला ठसठशीत खूण. आमचा नंबर आठ, दुकानात सातच शिल्लक. "घाला, सैल होतो," दुकानदार म्हणाला. आम्ही घातला, कारण वस्तीत ती खूण दिसायला हवी होती. महिनाभरात दोन अंगठ्यांची नखे काळी पडली. भरतीच्या दिवशी तिसऱ्या फेरीत आम्ही खाली बसलो. आईला सांगितले, पोटात दुखले.

फार उशिरा 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचताना आमचा तो बूट आठवला. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाबासाहेब चौकशीचे काम आटोपून चाळीसगावला उतरले. महारवाडा पायी जाण्यासारखा होता. पण पाहुण्याला पायी कसे न्यायचे? टांगेवाले महाराला बसवून हाकायला तयार नव्हते. म्हणून टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच, सवय नसलेला माणूस बसला. टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर आपटले, पाय मोडला. आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी या लोकांनी आपला जीव धोक्यात घातला, असे ते लिहितात. प्रतिष्ठेसाठी पाय मोडून घेण्याची ही आपली सवय जुनी आहे, आणि ती लावली कुणी हेही त्याच प्रसंगात स्पष्ट आहे.

त्या मुलीला घेऊन आमच्या सहकारी ताई बाजारात गेल्या. संध्याकाळी गेल्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. धावताना घालायचे मोजे घालूनच बूट पाहिले. उभे राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा, टाच आत हलत नाही, आणि वाकवल्यावर तळ बोटांच्या रेषेत वाकतो, मधोमध नाही. दुकानातच दहा पावले पळून पाहिले. 'सैल होतो' म्हटले की बूट खाली ठेवायचा. नाव कुठल्या कंपनीचे, हे शेवटी. असा बूट चाचणीच्या आधी निदान तीन आठवडे पायात हवा; नवा कोरा बूट घालून मैदानात उतरणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

कापसाच्या जिल्ह्यात हे बोलणे जिवावर येते, पण धावायला सुती कपडा नको. तो घाम धरून ठेवतो, जड होतो, मांड्या सोलतो. जळगावचा पारा मेमध्ये ४५ ला टेकतो तेव्हा फिक्या रंगाचा, पातळ, लवकर वाळणारा टी-शर्ट हवा. मोजेही सुती नकोत, ओल्या मोज्याने फोड येतात. मांड्यांना थोडे व्हॅसलीन. मुलींना धावण्यासाठीची घट्ट स्पोर्ट्स ब्रा हवीच. हे लिहायला आम्हाला संकोच वाटला, आणि त्या संकोचापायी कितीतरी मुली खांदे आवळून धावतात. नडगी एकाच जागी दुखत राहिली तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवायचे.

आजीने ट्रॅकपँट पाहून तोंड फिरवले. "पोरनी जात, पँट घालीसन पयी का?" ताईंनी तिला महाडची गोष्ट सांगितली. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या बायांना, जात ओळखू येईल अशी लुगडे नेसायची तऱ्हा आणि तसले दागिने सोडायला सांगितले होते. आजी गप्प राहिली. पटले की कंटाळली, कळले नाही. पण आता बूट उन्हात वाळत घातले की ती ते उचलून सावलीत ठेवते.

१९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी पोलीस आणि सैन्याची दारे आपल्यासाठी उघडा, अशी मागणी केली. त्या दारापर्यंत आज आपली पोरे पळत जातात, आणि आपण जयंतीला डीजेवर एका रात्रीत जे उधळतो त्यात साऱ्या वस्तीचे बूट येतात. यावर गेल्या बैठकीत कडाक्याचे भांडण झाले. डीजे बंद झाला नाही. एक भिंत मात्र कमी केली, आणि त्या पैशांतून सात जोड आले. यादीत अजून चार नावे आहेत : पाच नंबर दोन, आठ नंबर एक, नऊ नंबर एक.