उचंत खात्यातील पक्षी

नागोठण्याच्या बाजारपेठेत शेठजींचे भुसार मालाचे दुकान आहे. चाळीस वर्षे गादीवर बसून त्यांनी रोजमेळ लिहिला. पुढे मुलाने व्यवहार हाती घेतला, हिशेब संगणकावर गेला आणि लाल कापडी बांधणीची एक कोरी वही शिल्लक राहिली. शेठजींनी तिच्यात पक्षी लिहावयास आरंभ केला. तारीख, वेळ, जागा, संख्या आणि शेवटी शेरा. अंबा नदीकाठचे खंड्या व बगळे, सुकेळी खिंडीच्या झाडीतील भृंगराज, फणसाड अभयारण्यात पहाटे ऐकलेली शीळकरी कस्तुराची शीळ, असे एकेक नाव वहीत चढत गेले.

एका हिवाळी सकाळी ते भाच्यासह खिंडीजवळच्या झाडीत गेले होते. सागाच्या फांदीवरून एक लहानसे घुबड उडाले. दोघांना दिसली ती केवळ पाठ व पंख.

भाचा हर्षाने म्हणाला, "मामा, हा रानपिंगळा! 2014 साली तो तानसा अभयारण्यात सापडला. मग इथे का नसावा? नोंद करा. वर्तमानपत्रात तुमचे नाव येईल."

शेठजींनी विचारले, "डोके पाहिलेस?"

प्रश्न नेमका होता. गावोगावी जुन्या आंब्यावर राहणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ सपाट रंगाचे असते. भाचा गप्प राहिला. मात्र घरी येईपर्यंत त्याचा आग्रह सुटला नाही.

त्या रात्री वही पुढे घेऊन शेठजी बराच वेळ बसले. मोह त्यांनाही होता. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाच्या हातून असा शोध लागावा, ही इच्छा काही अपराध नव्हे. परंतु याच पक्ष्याची एक कथा त्यांनी वाचली होती.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना 1872 साली मिळाला व पुढच्याच वर्षी ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. 1884 मध्ये डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवलेल्या नमुन्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. मात्र मधल्या काळातील एक नोंद होती. कर्नल माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील नमुन्यावर '1914, मांडवी, गुजरात' अशी चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीवर विश्वासून पुढील शोधकांनी मांडवीचे रान धुंडाळले आणि ते रिकाम्या हाताने परतले. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा उलगडा झाला. तो डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरलेला व खोटी चिठ्ठी लावलेला नमुना होता. खोटी नोंद बाजूला सारून, खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर त्या दोन सहकाऱ्यांसह निघाल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. मध्ये 113 वर्षे लोटली होती.

पेढीवर चुकीची रक्कम पडली तर तेरीज जुळत नाही. चूक आठ दिवसांत सापडते. रानाच्या हिशेबाला अशी तेरीज नाही. तेथे लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाखेरीज दुसरी तपासणी नसते. आणि कोणते रान राखावे, कोठे शोध घ्यावा, हे अशाच नोंदींवर ठरते.

शेठजींनी वहीच्या मागच्या बाजूस एक नवे पान काढले आणि वर लिहिले, 'उचंत खाते'. ज्या रकमेचा धनी कळत नाही ती व्यापारी उचंतात ठेवतो. धनी मिळाला की वळती करतो. त्यांनी लिहिले: "सुकेळी, सकाळी सात. पिंगळ्याच्या जातीचा पक्षी एक. डोके दिसले नाही."

भाचा काही दिवस रुसला. दोन महिन्यांनी मात्र तोच दुर्बीण घेऊन आला. त्याच सागावर या वेळी जोडी बसली होती. डोक्यावर पांढरे ठिपके, अगदी स्पष्ट.

"आता जुनी नोंद वळती करा, मामा," तो हसत म्हणाला.

"तो पक्षी हाच, याची पावती आहे?"

भाच्याने मान हलवली. शेठजींनी पुढच्या कोऱ्या ओळीवर लिहिले: "पिंगळे दोन. ठिपके पाहिले." उचंतातील पक्षी आजही उचंतातच आहे.